न विचारलेली जहाजं

अहवाल छापून आला त्या दिवशी चीफ माझ्याशी इंग्रजीत बोलले. त्यानंतर सात महिने ते माझ्याशी इंग्रजीतच बोलले. मग ते गेले.

त्यांना सगळे चीफच म्हणत. जहाजावर इंजिनखोलीचा जो प्रमुख असतो तो चीफ इंजिनिअर. त्यांनी बोटीवरची नोकरी सोडून बारा वर्षं झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. सिंगापुरात हार्बरफ्रंटला आमचं ऑफिस आहे. कंपनी मालवाहू जहाजं चालवते. मी तिथे लिहिण्याचं काम करते: पत्रकं, निवेदनं आणि वर्षातून एकदा पर्यावरणाचा अहवाल. चीफ जहाजांच्या इंधनाचे आकडे बघत. अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणारी आम्ही दोघंच होतो.

ते गेल्यावर ऑफिसच्या मासिकात त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मी लिहिल्या. किती जहाजं, किती वर्षं, कुठे शिक्षण, सगळं नीट आलं. चीफ त्यात कुठेच नव्हते. म्हणून हे पुन्हा, सावकाश.

चीफ प्रत्येक वस्तूला हात लावत. सकाळी आले की आधी लिफ्टच्या भिंतीला तळहात, मग पाण्याच्या मशीनला, मग फोटोकॉपीच्या मशीनला, मग खुर्चीवर चढून एसीच्या जाळीला. खांद्यावर एक सुती फडकं असे, धुऊन धुऊन मऊ झालेलं. हात लावून झाला की ती जागा पुसायची. इंजिनखोलीत पाळीवर असलेला माणूस असाच फेरी मारतो, ते म्हणाले. काटे बघायचे ते नंतर, आधी हात. "काटा अडकून बसतो. तळहात भाजला की भाजला."

एकदा फोटोकॉपीच्या मशीनवर हात ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हिचा रोलर शुक्रवारपर्यंत जाईल." मशीन गुरुवारी बंद पडलं. बाकीचे थक्क झाले. चीफना मात्र एका दिवसाची चूक लागून राहिली.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभे असले की खांबाला फक्त दोन बोटं टेकवत आणि डोळे मिटत. गर्दीतल्या बायकांना वाटे, म्हाताऱ्याला भोवळ आली. कुणीतरी उठून जागा देई. चीफ म्हणत, "नो नो, आय अ‍ॅम लिसनिंग." मग माझ्याकडे वळून मराठीत: "चाक एका जागी चपटं झालंय. ऐकू येतंय का? टक, टक, टक." मला काही ऐकू येत नसे. मी हो म्हणे.

ते मूळचे मिरजेचे. समुद्र त्यांनी अठराव्या वर्षी पाहिला, तोही नोकरीच्या मुलाखतीला जाताना. वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते आणि इंजिनाच्या धुराचा रंग बघून कोळसा कुठला ते सांगत, असं चीफ सांगायचे. आमच्या खिडकीतून सेंटोसा बेटाच्या पलीकडे नांगरलेल्या बोटी दिसतात. लोक तिथे उभे राहून फोनवर बोलत. चीफ उभे राहत ते धूर बघायला. पांढरट, निळसर, काळा. "ती डावीकडची बघितलीस? तेल जाळतेय. इंजिनात जायचं ते तेल वर चाललंय. चीफ झोपलाय तिचा."

मी पुण्याची, आणि हे त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही. मला ते 'पुणेकर' अशीच हाक मारत.

"काय पुणेकर, दोन दोन नद्या तुमच्याकडे, आणि एक बोट नाही."

"बोट क्लब आहे, चीफ."

"क्लब आहे. तेच म्हणतोय मी."

ऑफिसच्या मागे एक हॉकर सेंटर आहे, एका छपराखाली खाण्याच्या गाड्या. आम्ही दोघं बाराला तिथे जेवायला जायचो. चीफ घरून लसणाच्या चटणीची लहान बाटली आणत आणि चिकन राइसवर ती पसरत. चहाच्या गाड्यावर एक चिनी आंटी होती. तिने पहिल्याच दिवशी त्यांना 'कॅप्टन' ठरवून टाकलं होतं.

"कॅप्टन, तेह-ओ?"

"नॉट कॅप्टन, आंटी. चीफ. कॅप्टन ओन्ली ड्राइव्ह्ज."

"सेम सेम, लाह."

हे संभाषण मी रोज ऐकलं. चीफना खरोखर राग येई. बिनदुधाच्या चहाचा पेला घेऊन टेबलाशी आले की म्हणत, "वरच्या मजल्यावर पांढरे कपडे घालून उभं राहायचं, आणि सेम सेम!"

घरी माझा मुलगा मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो, शेवटी 'लाह' लावून. नवरा तांजोंग पगारच्या बँकेतून येतो तोच फोनवर बोलत येतो. पूर्ण, लांब, अर्ध्यात न तुटणारी मराठी वाक्यं मी दिवसभरात बोलायची ती त्या टेबलावर. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चीफ कामातच होते.

युरोपातल्या देशांनी नियम केला होता: त्यांच्या बंदरांना येणाऱ्या प्रत्येक जहाजाने वाटेत किती इंधन जाळलं, हवेत किती कार्बन सोडला ते सांगायचं, आणि त्याची किंमत भरायची. प्रत्येक जहाज रोज दुपारी बाराला एक रिपोर्ट पाठवतं: आपण कुठे आहोत, वेग किती, कालपासून इंधन किती गेलं. त्या दुपारच्या रिपोर्टांवरून चीफ आकडे काढत. बाहेरचे तपासनीस ते पडताळत. मी त्यावरून अहवाल लिहीत असे. आमची वाटणी अगदी साधी होती. पहिल्याच वर्षी ते म्हणाले होते, "आकडे माझे, भाषा तुझी. तू माझ्या बेरजेत बोट घालायचं नाहीस, मी तुझ्या वाक्यात घालणार नाही." आकड्यांच्या पानांवर ते एकेक ओळ पट्टी ठेवून तपासत. माझी पानं त्यांनी कधी उघडलीसुद्धा नाहीत. मला तो मान वाटे.

युरोपला जाणाऱ्या जहाजांचे रिपोर्ट वाचले की काम संपलं. चीफ सगळ्यांचे वाचत. युरोपला न जाणाऱ्या, ज्यांच्याबद्दल कुणीच काही विचारत नव्हतं अशा जहाजांचेही. त्यांचं इंधन ते हाताने एका वहीत लिहून ठेवत. कुणीतरी एकदा विचारलं, कशासाठी? म्हणाले, "पत्र आलंय, वाचायला नको?" ते रिपोर्टांशी बोलतही असत. "अगं, काल चोवीस टन आणि आज अठ्ठावीस? वारा होता का समोरून? मग सांग ना तसं."

चीफ या नियमाच्या विरुद्ध होते असं ऑफिसात अनेकांना वाटे. तसं नव्हतं. नियम आला त्या वर्षी मी त्यांना फार आनंदात पाहिलं. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, जहाज जड चालतं, जास्त जाळतं. तळ घासून घ्यायला पैसे पडतात, दिवस मोडतो. "बावीस वर्षं लिहीत होतो मी," चीफ म्हणाले, "बूड घासा, बूड घासा. प्रत्येक ट्रिपला. ऑफिसातून उत्तर यायचं, नोटेड. आता तिकडे ब्रसेल्समध्ये कुणीतरी एक कागद काढला, आणि सहा आठवड्यांत पाणबुडे हजर! सगळ्या बोटींची बुडं चकाचक! कागदाला कमी समजू नकोस, पुणेकर. तुझा धंदाच कागदाचा." त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले आणि आंटीने कॅप्टन म्हटलं तरी काही बोलले नाहीत.

जहाजांचा वेग कमी झाला. नवी, कमी जाळणारी जहाजं आली. युरोपच्या मार्गावरचे आकडे खरोखर उतरले. पण चीफचा एक प्रश्न असे, आणि तो ते कुणालाही, कुठेही विचारत. कुठल्या देशाने कोळशाची वीज बंद केली अशी बातमी आली, कुठल्या शहराने जुन्या गाड्या हद्दीबाहेर काढल्या, की चीफ पेपर खाली ठेवत.

"बरं. मग धूर गेला कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे विझला, की गेला? विझला असेल तर मी टाळ्या वाजवीन. गेला असेल तर पत्ता सांगा."

आमच्याकडे तीन जुनी जहाजं होती, एकाच गोदीत एकाच नकाशावरून बांधलेली. चीफ त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. थोरलीवर त्यांनी स्वतः नऊ वर्षं काढली होती. तिघी दाबून इंधन पीत. नवी जहाजं आली तेव्हा ती युरोपला लागली आणि या तिघींना तिथून काढून चट्टग्राम आणि मोंबासाकडे लावलं. त्या बंदरांवर कुणी कार्बन विचारत नाही. कंपनीने यात नियमाविरुद्ध काहीच केलं नव्हतं. चीफही तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पाहुणे यायचेत म्हणून केर पलंगाखाली लोटला. आता झोपायचं त्याच पलंगावर."

थोरली एकदा तुआसला दुरुस्तीला आली होती. एका शनिवारी ते मला घेऊन गेले. मी हेल्मेट घालून, कठडा घट्ट धरून, लोखंडी जिन्यांनी सहा मजले खाली उतरले. खाली तेलाचा वास होता आणि एकच लहान यंत्र चालू होतं. चीफनी मोठ्या इंजिनावर तळहात ठेवला.

"ठेव हात."

"तापलेलं असेल."

"बंद आहे ती. ताप बघतात पोराचा, तसा ठेव."

मी ठेवला. लोखंड गार होतं. ते म्हणाले, "हिच्याबद्दल लिहितेस तू तिकडे एसीत बसून. निदान ओळख असू दे." मग फडक्याने आमच्या दोघांच्या हातांच्या जागा पुसल्या. परत येताना एमआरटीत ते मिरजेबद्दल बोलत होते, वडिलांबद्दल, शेडबाहेरच्या कडुनिंबाखाली डबा खाण्याबद्दल. मी ऐकत होते. परतीच्या गाडीतला तो तास मला अजून परत हवा असतो.

आता ते वाक्य.

गेल्याच्या गेल्या वर्षीच्या अहवालात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य हवं होतं. मी लिहिलं होतं: युरोपच्या मार्गावरील आमच्या जहाजांनी यंदा कमी इंधन जाळलं. ते खरं होतं. आमची बॉस इथलीच, कामाला चोख, मनाने वाईट नाही. ती म्हणाली, "टू लाँग, लाह. पहिल्या पानावर कोण एवढं वाचणार? शॉर्ट कर." कुठले शब्द काढायचे ते तिने सांगितलं नाही. ते मी ठरवलं. मी मार्ग काढला, युरोप काढला. आमच्या जहाजांनी यंदा कमी जाळलं. इंग्रजीत ते सहा शब्दांचं झालं होतं आणि मोठ्याने वाचलं तर त्याला ठेका होता. मी ते दोन-तीनदा मोठ्याने वाचलं.

तिघींनी त्या वर्षी आधीइतकंच जाळलं होतं. मोंबासाच्या बंदरात त्या दिवसेंदिवस खोळंबल्या होत्या, त्यामुळे थोडं जास्तच. हे मला ठाऊक होतं. चीफच्या वहीतून त्यांनीच मला वाचून दाखवलं होतं. पण वाक्य लिहिताना ते आठवलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आठवलं, आणि वाटलं, हे पहिलं पान आहे, आत तक्त्यात सगळं स्पष्ट आहेच.

त्या पानाच्या तळाशी दरवर्षीप्रमाणे छापलं होतं: आकडे तपासले. पुढे चीफचं नाव.

अहवाल आला त्या सकाळी चीफनी लिफ्टला हात लावला नाही, मशीनला लावला नाही. थेट माझ्या टेबलाशी आले आणि एक कागद ठेवला. थोरलीवरच्या सध्याच्या चीफ इंजिनिअरचा ईमेल छापून आणला होता. तो माणूस वीस वर्षांपूर्वी आमच्या चीफच्या हाताखाली इंजिनं खोलायला शिकला होता. त्याने लिहिलं होतं: सर, अहवाल पाहिला, आपलं नाव पाहिलं. आम्ही तर तेवढंच जाळतोय. आमची बोट कंपनीच्या बोटींत धरत नाहीत का?

"प्लीज रीड," चीफ म्हणाले.

मी वाचलं. वर बघितलं. "चीफ, ते वाक्य मी..."

"यू हॅव रेड? थँक यू, मॅडम." कागद उचलून ते गेले.

मला आधी वाटलं, राग आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. मग वाटलं, आठवडाभरात. चीफ रागावलेले दिसतच नव्हते. गुड मॉर्निंग, मॅडम. नोटेड. प्लीज अ‍ॅडव्हाइज. जहाजावरून ऑफिसला तार करावी तसं बोलत. जेवायला पूर्वीसारखेच बरोबर येत, समोर बसत, चटणीची बाटली माझ्याकडे सरकवत. "यू वाँट?" मी म्हणे, "द्या ना, चीफ." ते म्हणत, "प्लीज."

चौथ्या-पाचव्या दिवशी आंटी आमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "व्हाय यू टू टॉक लाइक ऑफिस? क्वारल, आह?"

चीफ म्हणाले, "नो क्वारल, आंटी."

"बिफोर सो नॉइझी. रा-रा-रा-रा. नाऊ सो पोलाइट. नॉट नाइस, कॅप्टन."

चीफनी तिला दुरुस्त केलं नाही. तेव्हा मी घाबरले.

मी मराठीत माफी मागितली. दोनदा. एकदा त्या टेबलावर, एकदा लिफ्टपाशी. दोन्ही वेळा ते म्हणाले, "प्रिंटेड ऑलरेडी." म्हणजे करायचं काय ते मला कळत होतं. छापलेलं चुकलं तर दुरुस्ती छापायची, आणि ती मागायची मी. माझं वाक्य होतं.

मी मागितली नाही. आमचा पीआरचा अर्ज तेव्हा गेला होता, नवऱ्याचा, मुलाचा आणि माझा. इथे कायमचं राहता येईल की नाही, ते त्यावर होतं. अशा वेळी नोकरीत गडबड नको, असं मी स्वतःला सांगत राहिले. तीन महिन्यांनी अर्ज मंजूर झाला. घरी श्रीखंड आणलं. त्यानंतरही दोन महिने मी बॉसकडे गेले नाही, आणि तेव्हा मला मान्य करावं लागलं की अर्ज हे कारण नव्हतं. एका युरोपियन गिऱ्हाइकाने ते वाक्य आपल्या पत्रकात घेतलं होतं. बॉसने ते भिंतीवर लावलं होतं. लोक म्हणत, काय लिहिलंयस. मला ते वाक्य आवडत होतं.

मजल्यावर फेरी मारणं चीफनी हळूहळू पुन्हा सुरू केलं. ते खिडकीशी उभे राहत आणि धूर बघत, पण काही म्हणत नसत. मी शेजारी जाऊन उभी राहिले तर जागा देत, जशी अनोळखी माणसाला देतात. डावीकडची कुठली, उजवीकडची कुठली, कुणाचा चीफ झोपलाय, हे मला आता कोण सांगणार होतं? त्या काळात मी एकटी असताना मनात त्यांच्याशी मराठीत बोलायला लागले. वाक्यं जुळवून ठेवायची. ती ठेवलेलीच राहिली.

सहाव्या महिन्यात त्यांना खोकला लागला. मग दम. फुप्फुसांत काय काय साचलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं इंजिनखोलीत होता. ते रुग्णालयात गेले त्या दिवशी मी बॉसच्या खोलीत गेले. भिंतीवरचं वाक्य दाखवलं आणि म्हटलं, हे खरं नाही, आणि हे मी लिहिलंय. थोरलीच्या इंजिनिअरचं पत्र सांगितलं. ती बराच वेळ पेन टकटकवत बसली. "आय ओन्ली सेड शॉर्टर," ती म्हणाली.

"हो. तू तेवढंच म्हणालीस."

"नेक्स्ट इअर करेक्ट करू या?"

"पुढच्या वर्षी ते असतील की नाही, माहीत नाही."

तिने दुरुस्तीचा मसुदा मागितला. मी चार ओळी लिहिल्या: पहिल्या पानावरचं विधान फक्त युरोपच्या मार्गावरील जहाजांना लागू आहे, इतर मार्गांवरच्या जहाजांनी आधीइतकं किंवा जास्त इंधन जाळलं.

तो कागद घेऊन मी रुग्णालयात गेले. चीफ उशांना टेकून बसले होते, नाकाला नळी. त्यांच्या पत्नी, काकू, शेजारी सफरचंद कापत होत्या.

"अगं, तिला खुर्ची दे," चीफ काकूंना म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "प्लीज सिट."

"हे काय चाललंय तुमचं?" काकू म्हणाल्या. "पोरगी समोर उभी आहे आणि हे प्लीज सिट. परक्या देशाचा वकील आल्यासारखं."

"ऑफिसचं काम आहे तिचं."

"घरी तर पुणेकर असं म्हणाली, पुणेकर तसं म्हणाली. आणि आता?"

काकूंनी सफरचंदाची फोड माझ्या हातात दिली आणि मुद्दामच पाणी आणायला बाहेर गेल्या.

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला. पट्टी नव्हती, म्हणून काठावर नख ठेवून ते एकेक ओळ खाली आले. माझं लिहिलेलं त्यांनी वाचलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटच्या ओळीपर्यंत आले, पुन्हा वर गेले.

"अदर रूट्स," ते म्हणाले. "अदर शिप्स." दम लागला, थांबले. "देन व्हेअर डिड द स्मोक गो?"

इंग्रजीत होता, पण प्रश्न तोच होता. मला हसू आलं. मी मान हलवली. त्यांनी कागद परत दिला.

"पुट द नेम्स."

"टाकते, चीफ. तिघींची. कुठल्या बंदरांना जातात तेही."

"येस."

एवढंच. मी उठले तेव्हा त्यांनी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर तळहात ठेवला होता. बाजूचं प्राणवायूचं यंत्र चालू होतं, आणि ते डोळे मिटून बहुतेक ते ऐकत होते. मी दाराशी थोडी थांबले. वाटलं, काहीतरी म्हणतील. हिचं बेअरिंग गेलंय, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी मी नावं घातली, बंदरं घातली. बॉसने वाचून मान्यता दिली. संध्याकाळी तो कागद त्यांना दाखवायला न्यायचा होता. दुपारी काकूंचा फोन आला.

काकू महिन्याभराने मिरजेला गेल्या. वह्या त्यांच्याबरोबर गेल्या. मी मागितल्या नाहीत. जहाजांची ती पत्रं चीफना आलेली होती. हॉकर सेंटरला मी काही दिवस गेले नाही. गेले तेव्हा आंटीने न विचारता एक तेह-ओ ठेवला आणि म्हणाली, "चीफ नॉट कमिंग, आह?" मी नाही म्हटलं. ती बराच वेळ टेबल पुसत राहिली.

दुरुस्ती कंपनीच्या संकेतस्थळावर आहे, शोधली तर सापडते. थोरली मोडीत गेली. मधली आणि धाकटी अजून मोंबासाला जातात. रोजचे रिपोर्ट येतातच, तरी इतर मार्गांवरच्या जहाजांना आता मी दर महिन्याला इंधन मुद्दाम विचारते. बहुतेक उत्तर देतात. यंदाच्या अहवालात मागच्या एका पानावर दोन रकाने आहेत. युरोपच्या मार्गाचा आकडा उतरला आहे, बाकी मार्गांचा चढला आहे. खाली लिहिलं आहे, आकडे तपासले, आणि त्यापुढे माझं नाव आहे.